टीबी शिबिरातला एआय एक्स-रे: या चुका टाळा

मराठवाड्यातल्या गावांत, तांड्यांवर टीबीची शिबिरं घेताना हातात धरायचं एक्स-रे मशीन आणि एक्स-रे वाचणारं एआय सॉफ्टवेअर सोबतच न्यावं, हे योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. लहान मुलांचा एक्स-रे मात्र डॉक्टरांनीच वाचायचा. आणि स्कोअर, म्हणजे टीबीची शक्यता सांगणारा एआयचा आकडा, विचित्र आला तर सॉफ्टवेअरवर शंका घेण्याआधी एक्स-रे नीट बघा.

सगळ्यात फसवी असते ती वेणी. खांद्यावर आलेल्या जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर पडते, आणि मोठ्या माणसांचा टीबी बहुधा वरच्याच भागात दिसतो. एआय तिथे डाग दाखवू शकतं. केस वर बांधायला सांगा. मंगळसूत्र, ताईत, हुकाचे कपडे काढायला लावून गाऊन द्या. त्यासाठी पडदा आधी लावा, नाहीतर बायाबापड्या संकोचाने तशाच उभ्या राहतात.

मग श्वास. “मावशी, छाती भरून श्वास घ्या, धरून ठेवा” असं सांगून एकदा करवून घ्या, मगच बटण दाबा. छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूच्या (डायफ्रॅमच्या) वर मागच्या बाजूच्या 9 ते 10 बरगड्या मोजता आल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर फुप्फुसाचा खालचा भाग दाटल्यासारखा दिसतो आणि स्कोअर उगाच वाढू शकतो. दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर नसतील तर पेशंट तिरका उभा आहे. हात कमरेवर आणि कोपरे पुढे घेतले की खांद्याची पाती फुप्फुसावरून सरकतात.

फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअॅपने पाठवू नका. बारीक डाग पुसट होतात, ट्यूबलाइटची चमक पांढऱ्या पट्ट्यासारखी उमटते. मशीनमधून निघालेली मूळ डिजिटल (डायकॉम) फाइलच सॉफ्टवेअरवर चढवा, आणि नावासोबत आयडी टाका. एकाच तांड्यावर सारख्या नावाचे चारजण सहज निघतात.

स्कोअर म्हणजे निदान नव्हे. जास्त आला तर थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारी, तपासणी हवीच. कमी आला, पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप किंवा वजनात घट असेल, तरीही थुंकी तपासा. छातीबाहेरचा टीबी, मानेतल्या गाठींचा समजा, या एक्स-रेत दिसणारच नाही. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला “उद्या या” म्हणू नका. कारखान्यावर गेला की तो महिनोन्‌महिने गावात नसतो. नमुना त्याच दिवशी, शिबिरातच घ्या.

पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांचे जुने व्रणही स्कोअर चढवतात. आधीच्या उपचाराबद्दल विचारा, जुनी फिल्म असेल तर शेजारी ठेवून बघा. उपचार नुकताच संपला असेल तर मेलेल्या जंतूंमुळेही ट्रूनॅट पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे कल्चरची, म्हणजे थुंकीतले जिवंत जंतू वाढतात का हे बघणाऱ्या तपासणीची, गरज लागते.

सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की जुनी स्कोअर-मर्यादा, म्हणजे ज्या आकड्यापासून स्कोअर जास्त धरायचा तो आकडा, तशीच चालवू नका. नव्या आवृत्तीत तोच आकडा वेगळा अर्थ सांगू शकतो. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून नवी मर्यादा ठरवून घ्या आणि ती मशीनच्या पेटीवरच लिहून ठेवा.