रानातून पकडलेला साप आणि पिंजऱ्यात जन्मलेला साप: या चुका टाळा

पंचगंगेचं पाणी चढलं की करवीर-शिरोळच्या गावांत साप घरांत शिरतात, आणि ऊसतोड सुरू झाली की ते फडातून बाहेर पडतात. याच दिवसांत एखादा पोरगा धामण किंवा तस्करासारखा बिनविषारी साप पकडून बरणीत ठेवतो आणि आठवडाभरानं विचारतो, "काहीच खात नाही, काय करू?"

त्याला उत्तर एकच, सोडा. आपल्याकडचा कोणताही साप, बिनविषारी असला तरी, घरी पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पकडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. अंडी घरात उबवून पिल्लं काढली तरी सुटका नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी त्या सापाचे हाल चुकत नाहीत. त्याच्या लेखी तुम्ही त्याला खायला आलेलं मोठं जनावर असता. तो काचेवर तोंड घासत राहतो, नाकाड सोलवटतं, जखम चिघळते. रानातल्या सापाच्या पोटात जंत असतात, खवल्यांत गोचीड असते, आणि एरवी तो त्यांच्यासह नीट जगतो. कोंडल्यावर भीतीनं प्रतिकारशक्ती ढासळते आणि तेच जंत त्याला पोखरतात. हनुवटीखाली किंवा डोळ्यांभोवती काळे बारीक ठिपके हलताना दिसणं, तोंड उघडून श्वास घेणं, नाकातून बुडबुडे येणं ही आजाराची लक्षणं आहेत. अशा वेळी घरगुती औषधं करत बसू नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

जबरदस्तीनं भरवणं ही त्याहून वाईट चूक. घशाला इजा होते, खाल्लेलं उलटतं, आणि आधीच खंगलेला साप आणखी खचतो. दुधाचंही तेच. नागपंचमीला नाग दूध पितो असं वाटतं, कारण त्याला आधी तहानेनं व्याकूळ केलेलं असतं. दूध त्याला पचत नाही.

सोडतानाही चुकतं. "जंगलात सुखी राहील" म्हणून हातकणंगल्याच्या फडातली धामण राधानगरीला नेऊन सोडतात. तिला उंदरांची बिळं, लपायचे बांध, पाण्याच्या जागा ठाऊक असतात त्या तिच्या शिवारातल्या. नव्या जागी ती भटकत राहते, आणि भटकणारा साप रस्त्यावर मरतो नाहीतर माणसाच्या हातून. सर्पमित्राकरवी जवळच्याच सुरक्षित जागी सोडा.

आता परदेशी सापांकडे येऊ. बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक घेताना "फार्मचा आहे" एवढ्यावर भुलू नका. घाना, टोगो, बेनिन या देशांत रानातून गाभण माद्या आणि अंडी गोळा करून पिल्लं उबवतात आणि विकतात. ते खरं बंदिवासातलं प्रजनन नव्हे. बॉल पायथन साइट्सच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, तेव्हा परवान्यावरचा स्रोताचा कोड बघा: 'सी' म्हणजे बंदिवासात पैदास झालेला, 'डब्ल्यू' म्हणजे रानातला, 'आर' म्हणजे रानातून अंडी वा पिल्लं उचलून वाढवलेला. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते, ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. कागद नसतील तर साप कितीही देखणा असो, घेऊ नका.

खरोखर पिंजऱ्यात जन्मलेला सापही उपाशी राहू शकतो, पण त्याचं कारण बहुधा तुमच्या व्यवस्थेत सापडतं. बॉल पायथनला एका बाजूला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश तापमान लागतं. कोल्हापूरच्या थंडीतल्या रात्री खोली याहून बरीच गार होते, आणि थर्मोस्टॅट नसलेली हीटिंग मॅट पोट भाजते. दोन्ही बाजूंना अंगाला घट्ट बसेल अशी लपायची जागा द्या. नवा साप आणल्यावर आठवडाभर हात लावू नका. गोठवलेला उंदीर मायक्रोवेव्हमध्ये न घालता आधी पूर्ण वितळवा, मग कोमट पाण्यात गरम करा. मोठा बॉल पायथन हिवाळ्यात काही आठवडे खात नाही, हे त्याच्या स्वभावातच आहे. वजन टिकून असेल तर थांबा. घसरू लागलं तर सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, आणि जाताना विष्ठेचा नमुना बरोबर ठेवा.