जुन्या ड्रॉवरची भोकं नव्या हँडलला जुळत नव्हती

सागवानी कपाटाच्या ड्रॉवरची जुनी भोकं ७६ मिमी अंतरावर, नव्या हँडलची ६४. स्क्रू तिरका घातला, हँडल हललं. भोकांत लांबी (लाकडाची पुट्टी) भरली, ड्रिल लागताच तिचे तुकडे पडले. दोन रविवार वाया गेले, फार चिडचिड झाली.

शेवटी जुनी भोकं ८ मिमीची केली. त्यात फेव्हिकॉल लावून ८ मिमीच्या लाकडी खुंट्या ठोकल्या. २४ तास हात लावला नाही. ही घाई करूच नका. मग खुंट्या सपाट कापून पॉलिशपेपर मारला. पुठ्ठ्यावर मध्यरेषा धरून ६४ मिमीच्या खुणा केल्या, पुठ्ठा ड्रॉवरवर धरून त्या खिळ्याने टोचल्या. मागे फळीचा तुकडा दाबून आधी ३, मग ४.५ मिमीचं ड्रिल. ड्रॉवरची फळी १८ मिमी जाड, म्हणून २५ मिमी लांबीचा एम-४ (४ मिमी जाडीचा) स्क्रू. हँडल घट्ट बसलं.