ट्यूबलेस टायर रिमवर बसेना तेव्हा

रोड बाइकच्या चाकात पंप मारून मारून खांदे दुखले, पण हवा थांबेचना. रिमची भोकं झाकणाऱ्या टेपवर उगाच संशय घेतला. खरं तर टायरची कड व्हॉल्व्हच्या रबरी बुंध्यावर चढून बसली होती. व्हॉल्व्ह आत ढकलून ती दोन्ही बाजूंना सरकवली. व्हॉल्व्हचा कोअरही (आतली झडप) काढला, म्हणजे हवेला वाट मोठी. कडेला साबणाचं पाणी फासून भराभर पंप मारला. फट्! फट्! (दचकलोच मी) आणि टायर बसला. मग हवा सोडून व्हॉल्व्हमधूनच ३० मिली सीलंट (बारीक छिद्रं बुजवणारा द्रव) ओतलं, कोअर लावला, हवा भरून चाक गरागरा फिरवलं. सकाळी बघतो तर हवा तशीच. हुकलेस रिम (कडेला टायर अडकवणारा हुक नसलेली) असेल तर मात्र हवेचा दाब ७३ पीएसआयच्या वर नेऊ नका.