ठेकेदार पाच, यूएएन एकच

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत मी ठेक्यावर काम केलं. कंपनी तीच, लाइन तीच, बसायचं स्टूलसुद्धा तेच. ठेकेदार मात्र पाच झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये मला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि आता महिन्याला पीएफची १,८०० रुपये पेन्शन येते. ती याहून जास्त असती, आणि थोडक्यात हुकली असती तर एक रुपयाही आला नसता. दोन्ही गोष्टी माझ्या हातून कशा घडल्या ते सांगते. आज ठेक्यावर बसलेल्या पोरींनी त्यातून आपापलं बघून घ्यावं.

आधी एक ऐकून घ्या. "ठेक्यावरच्यांना पीएफ नसतो" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला पीएफ लागू आहे, आणि ठेकेदारामार्फत आलेला कामगारही त्यात धरला जातो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० पर्यंत असेल तर पीएफ सक्तीचा, तोही कामावर आल्याच्या दिवसापासून. "सहा महिने टिकलीस तर चालू करू" हे मला पहिल्या ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. तुम्ही डोलावू नका.

कामावर लागलात की पहिल्याच आठवड्यात यूएएन मागा. यूएएन म्हणजे आपल्या पीएफचा बारा आकडी नंबर, तो जन्मभर एकच राहतो. आधी कुठे काम केलं असेल तर जुना नंबर स्वतःहून द्या, नवा काढू देऊ नका. आपल्या बायकांची इथे एक खास अडचण होते. आधारवर सासरचं नाव, पीएफला माहेरचं, आणि जन्मतारीख शाळेने लावलेली १ जून. पैसे काढायच्या वेळी अर्ज परत येतो तो याच कारणाने. नाव आणि तारीख आधारप्रमाणे करून घ्यायची तर नोकरीवर असतानाच घ्या. दुरुस्तीला बऱ्याचदा मालकाची, म्हणजे आपल्या बाबतीत ठेकेदाराची, मंजुरी लागते, आणि ठेका संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.

आता खरं काम. पगारस्लिपवर पीएफ कापलेला दिसतो म्हणून निश्चिंत राहायचं नाही. पैसे भरले की नाही हे फक्त पीएफचं पासबुक सांगतं. मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून २५ च्या सुमारास सरकारच्या 'उमंग' ॲपवर पासबुक उघडायचं. स्मार्टफोन नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, शिल्लक मेसेजवर येते. पासबुकात तीन रकाने असतात. समजा मूळ पगार आणि भत्ता मिळून १४,००० आहे. तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८०. मालकालाही तेवढेच भरावे लागतात, पण त्यातले ८.३३ टक्के म्हणजे १,१६६ पेन्शनच्या रकान्यात जातात आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये. मालकाचे १,६८० तुमच्या पगारातून कापले जात असतील, तर ते बेकायदा आहे. स्लिपवर पीएफची कपात एकदाच आहे की दोनदा, हे नीट बघा.

२०१८ मध्ये आमच्या तिसऱ्या ठेकेदाराने आठ महिने कापले आणि एकदाही भरले नाहीत. स्लिपवर सगळं व्यवस्थित होतं. लाइनवरच्या एका मुलीला लग्नासाठी पैसे काढायचे होते, तिने पासबुक उघडलं तेव्हा कळलं. आम्ही अकरा जणींनी आठही स्लिपा, गेटपास आणि बँकेच्या पासबुकाच्या झेरॉक्स जोडल्या आणि आधी जिथे काम करतो त्या कंपनीच्या एचआरला लेखी अर्ज दिला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ही पोच फार महत्त्वाची, तोंडी बोलण्याला काडीची किंमत नसते. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीला भरावं लागतं, हे एचआरच्या साहेबांना पक्कं माहीत होतं. आम्हाला ते माहीत आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. तरीही महिनाभर हालचाल झाली नाही, तेव्हा पीएफच्या तक्रार पोर्टलवर प्रत्येकीने आपापल्या यूएएनने तक्रार टाकली. हेल्पलाइन १४४७० आहे. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास पीएफवाले जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरवतात, तिथे समोरासमोर बोलता येतं. आमचे आठही महिने व्याजासकट आले.

ठेकेदार बदलला की त्याच यूएएनखाली नवा मेंबर आयडी, म्हणजे नव्या ठेकेदाराकडचं पीएफ खातं, तयार होतो. जुन्या आयडीवर नोकरी सोडल्याची तारीख लागली आहे का ते बघा. लागली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला स्वतःला टाकता येते. मग जुने पैसे नव्या खात्यात ट्रान्सफर करा.

ट्रान्सफर करा म्हणते आहे, काढा म्हणत नाही. माझी चूक इथेच झाली. २००८ ते २०१३ अशी पाच वर्षं मी पहिल्या ठेकेदाराकडे काढली. ठेका संपला तेव्हा एजंटने दोन फॉर्मवर सह्या घेतल्या, १९ आणि १०-सी. पहिल्याने पीएफ मिळाला, दुसऱ्याने पेन्शनचे पैसे. मुलीची फी भरायची होती, पैसे आले म्हणून बरं वाटलं. १०-सीने पेन्शनचे पैसे उचलले की ती वर्षं पुसली जातात, हे कोणी सांगितलं नाही. पीएफ काढायची वेळ आलीच तर तो काढा, पण १०-सीवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागा. वर्षं जमा राहतात.

नॉमिनी लग्नानंतर नव्याने भरा, आणि तो ऑनलाइन भरा. कामगार नोकरीत असताना गेला तर विम्याचे जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतात, त्यासाठी आपल्या पगारातून काही कापलं जात नाही. पेन्शनचा एक महिना जरी भरलेला असला तरी मागे राहिलेल्या जोडीदाराला पेन्शन लागते. आमच्या लाइनवरच्या एकीला ती लागली आहे, दोन लहान पोरं आहेत तिला.

आता माझा हिशेब. महिन्याच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिने किंवा जास्त झाले तर ते पूर्ण वर्ष धरतात. शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले वर्षं, भागिले ७०. माझी सरासरी १२,६०० निघाली. जानेवारी २०१५ ते ऑगस्ट २०२४, नऊ वर्षं आठ महिने, म्हणजे दहा धरली, म्हणून १,८००. पहिली पाच वर्षं हातात असती तर पेन्शन याहून जास्त झाली असती. आणि २०१८ चे ते आठ महिने पासबुकात आले नसते, तर कागदावर माझी नऊच वर्षं दिसली असती.