डेल्फॅसिडी कुलातील तुडतुड्याची जाती कशी निश्चित करावी

धानाच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या लगत तपकिरी कीटक दिसले की रंगावरूनच त्यांना निलापर्वता लुजेन्स (धानावरील तपकिरी तुडतुडा) ठरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. रंग कीटकाच्या वयानुसार आणि अल्कोहोलमध्ये राहिल्याने बदलतो. शिवाय लिअर्सिया गवतावर वाढणाऱ्या याच प्रजातीतील (जवळच्या जातींच्या याच गटातील, म्हणजे निलापर्वतातील) बेकेरी आणि मुइरी या आशियाई जाती बाहेरून जवळजवळ तशाच दिसतात.

चोषक नळीने प्रौढ कीटक गोळा करून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. आखूड आणि लांब पंखांचे प्रौढ एकाच जातीत आढळतात, कारण दाटी झाली आणि रोप खालावू लागले की लांब पंखांच्या प्रौढांचे प्रमाण वाढते. म्हणून पंखांच्या लांबीवरून जाती वेगळ्या करू नयेत. पिल्ले बाजूला काढावीत.

कुल ओळखणे सोपे आहे: मागच्या नडगीच्या टोकाला हलणारा मोठा काटा असेल, तर कीटक डेल्फॅसिडी कुलातील आहे. हिरव्या तुडतुड्यांना हा काटा नसतो, त्यांच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. मागच्या पावलाच्या पहिल्या खंडावर बाजूला लहान काटे दिसले, तर प्रजाती निलापर्वता समजावी. पांढऱ्या पाठीच्या सोगाटेला फर्सिफेरा या तुडतुड्यात ते नसतात.

खरी कसोटी पुढे आहे, आणि या टप्प्याने मलाही बराच काळ दमवले. जातीचा निर्णय नराच्या जननांगांवरून होतो. मादीच्या पोटाखाली तलवारीसारखा अंडनिक्षेपक दिसतो, म्हणून तिला आधीच वेगळे करावे. नराच्या पोटाचे टोक बारीक चिमट्याने अलग करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर, सामान्य तापमानाला ठेवावे. परीक्षानळी थेट ज्योतीवर उकळण्याचा झटपट उपाय अनेक जण सांगतात, पण मी तो कोणालाही सांगणार नाही: द्रव उसळून अंगावर येतो आणि नाजूक भाग इतके मऊ होतात की चिमटा लागताच फाटतात. हे द्रावण त्वचा जाळते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा अनिवार्य आहेत. सकाळी टोक पाण्यात नीट धुवावे आणि मगच ग्लिसरीनमध्ये घ्यावे.

त्यानंतरची अडचण कोनाची असते. शेवटच्या खंडाच्या पेल्यासारख्या पोकळीतून बाहेर डोकावणारे दोन पकडअवयव थोडे जरी कलले, तरी त्यांची बाह्यरेषा बदलते आणि एकच नर दोन जातींचा भासू लागतो. म्हणून पोकळी बरोबर मागून दिसेल अशा रीतीने टोक घट्ट ग्लिसरीन जेलीत रोवावे, रेखाटन करावे, मग ते वळवून शिश्न बाजूने पाहावे. आच्छादन काच ठेवून दाबणे टाळावे, कारण चपटे झालेले अवयव प्रमाणित आकृतीशी जुळवणे निरर्थक असते. एका नरावर निष्कर्ष काढू नये. त्याच शेतातील आणखी काही नर त्याच कोनातून तपासावेत.

जननांगे ग्लिसरीनच्या सूक्ष्म कुपीत घालून त्याच कीटकाच्या टाचणीला लावावीत, आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, यजमान वनस्पती लिहावी. गवतावर सापडलेल्या कीटकाला सवयीने 'धान' लिहू नये, कारण बेकेरीची शंका पुढे याच नोंदीवरून तपासली जाते.