हालचाल दिसली की दिवे लावणारा आर्डुइनो

सामान थोडंच लागतं: आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा), ८ एलईडींची डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (एकाच डेटा वायरने रंग ठरवता येणारी), ३३० ओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट, १ अँपिअरचा सप्लाय.

सेन्सरच्या पिनांचा क्रम प्रत्येक बोर्डावर सारखा नसतो. पांढरी टोपी काढली की खाली नावं छापलेली दिसतात. ती वाचूनच वायरी जोडा. आउटपुट पिन २ ला द्या. ते ३.३ व्होल्टचं असलं तरी उनोला 'हाय' (म्हणजे चालू) म्हणून कळतं. पट्टीची डेटा वायर रेझिस्टरमधून पिन ६ ला जोडा. कपॅसिटर पट्टीच्या प्लस-मायनसवर लावा, उलटा नको.

पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी साधारण ६० मिलीअँपिअर खाते, म्हणजे आठांचे ४८०. म्हणून पट्टीला वीज सप्लायमधूनच द्या. त्याचा आणि आर्डुइनोचा ग्राउंड (मायनस) मात्र एकत्र हवा. तो राहिला की दिवे वाटेल ते रंग दाखवतात आणि आपण उगाच कोड तपासत बसतो.

सेन्सरवरचा जंपर (दोन पिना जोडणारा छोटा तुकडा) 'एच'वर ठेवा, म्हणजे हालचाल चालू असेपर्यंत आउटपुट 'हाय' राहतं, आणि वेळेचा स्क्रू कमीत कमीवर. दिवे किती वेळ लागलेले राहायचे ते कोडला ठरवू द्या. स्क्रूने वीस सेकंद जुळवणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

कोडमध्ये सुरुवातीला ६० सेकंद थांबा, कारण तापेपर्यंत सेन्सर खोटे इशारे देतो. मग लूपमध्ये पिन २ वाचा. ती 'हाय' असेल तर 'मिलिस'ची (बोर्ड चालू झाल्यापासूनच्या मिलिसेकंदांची) किंमत 'शेवटची' या व्हेरिएबलमध्ये टाका. आताच्या 'मिलिस'मधून 'शेवटची' वजा करून २०,००० (म्हणजे २० सेकंद) पेक्षा कमी आलं तर दिवे चालू, नाहीतर बंद. इथे 'डिले' (कोड थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरला तर तेवढा वेळ सेन्सर वाचलाच जात नाही, आणि माणूस समोर वावरत असतानाही दिवे विझू शकतात. 'शेवटची' हे 'अनसाइन्ड लाँग' (मोठे आकडे मावणारा प्रकार) हवं. उनोवर 'इंट' हा साधा पूर्णांक प्रकार ३२,७६७ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ३३ सेकंदांच्या आतच हिशेब बिघडतो.

दिवे विझताच परत लागत असतील तर बहुधा सप्लायमधल्या धक्क्याने सेन्सर फसतोय. विझवल्यावर ३ सेकंद त्याचं वाचन सोडून द्या. आणि काचेमागे तो ठेवू नका. शरीराच्या उष्णतेची किरणं काचेतून जवळजवळ येतच नाहीत.