ऑफिसला सायकलने जाताना गुडघा दुखायचा, सीट वर केली आणि थांबला

पुढून, वाटीच्या आसपास दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते. सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून आपण ती खालीच ठेवतो आणि मग प्रत्येक पेडलला गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो.

माझं माप असं बसलं: भिंतीला धरून सीटवर बसायचं, पेडल पार खाली आणून त्यावर टाच ठेवायची. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. ऑफिसचे बूट घालूनच मोजा, जाड तळव्याने फरक पडतो. एकदम वर नेऊ नका. ५ मिमी वाढवून दोन-तीन दिवस चालवा. कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली किंवा गुडघ्यामागे ओढ बसली, तर जास्त झाली. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते. ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडा वाकतो किंवा फ्रेम तडकते.

सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एकच पाय टेकवायचा. सवय लवकर लागते. फ्लायओव्हरवर जड गिअर रेटणं गुडघ्याला फार महागात पडतं, म्हणून चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका.

गुडघ्याला सूज असेल तर मात्र आधी डॉक्टर.